सात जणांच्या सॉफ्टवेअर ऑफिससाठी पीआय की सायबर विमा? बजेट २५ हजार (सोलापूर)

सातरस्ता_सॉफ्ट
नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजी लॅब आणि छोट्या हॉस्पिटलांना बिलिंग आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर देतो. रिपोर्ट पेशंटच्या व्हॉट्सॲपवर जातो. बहुतेक डेटा क्लाउडवर आहे, काही लॅबचा त्यांच्याच मशीनवर. होटगी रोडच्या एका हॉस्पिटलनं करारासोबत १ कोटीच्या प्रोफेशनल इंडेम्निटीचं (पीआय, म्हणजे कामातल्या चुकीच्या भरपाईचा विमा) प्रमाणपत्र मागितलंय. करारात एक कलम असं आहे: "डेटा फुटल्यास होणारे सर्व नुकसान विक्रेता भरून देईल." जीएसटी धरून २५ हजारांच्या वर जमणार नाही. पीआय घेऊ, सायबर घेऊ की दोन्ही?

चादर_टॉवेल_निर्यात
५ कोटींच्या खाली घेऊच नका. आमची सायबर ५ कोटींची आहे, निवांत झोप लागते. फक्त एक बघा, फसव्या मेलवरून पैसे दुसऱ्याच खात्यात गेले तर त्याला वेगळी सब-लिमिट (त्या प्रकारापुरती कमाल रक्कम) असते आणि ती मूळ रकमेच्या मानानं फार लहान असते. शिवाय खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री केली होती का, हे विचारतात. केली नसेल तर दावा अडतो.

सातरस्ता_सॉफ्ट
मालक, बजेट २५ हजार आहे. आणि आमचे सगळे व्यवहार इथलेच, परदेशातले नाहीत.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
विमा कशाला बे? चांगला अँटिव्हायरस टाका, लायसन्सवाला. आमच्याकडे सगळ्या मशीनवर तोच आहे.

नेटवर्क_जुळेसोलापूर
अँटिव्हायरस पाहिजेच, पण लॅबमधली गडबड तिथून सुरू होत नाही. राउटरवर ३३८९ पोर्ट उघडा ठेवून रिमोट डेस्कटॉप (लांबून मशीन चालवायची सोय) चालू असतो, पासवर्ड 'लॅब१२३', आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. बॅकअप म्हणून नासचा (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीचा) ड्राइव्ह त्याच मशीनला कायम जोडलेला. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला की सर्व्हर आणि बॅकअप एकदमच लॉक होतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, आणि एक तरी प्रत नेटवर्कपासून तोडलेली. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसती फाइल दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनची यादी आधी काढा.

विमा कंपनीच्या प्रस्ताव फॉर्मवर हेच प्रश्न येतात. "रिमोट ॲक्सेसला सर्व वापरकर्त्यांसाठी एमएफए आहे का?" एमएफए म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक खात्री, ओटीपीसारखी. एका लॅबला जरी नसेल तरी 'हो' लिहू नका. दाव्याच्या वेळी तेच उत्तर समोर ठेवतात.

अक्कलकोटरोड_एमआयडीसी
क्लाउडवर आहे म्हणतायत ना ते? मग जबाबदारी क्लाउडवाल्याची.

नेटवर्क_जुळेसोलापूर
नाही हो. क्लाउडवाला त्याचं डेटा सेंटर, हार्डवेअर, खालची यंत्रणा सांभाळतो. तुमचं लॉगिन, कुणाला किती परवानगी, स्टोरेज चुकून सगळ्यांना खुलं राहणं, तुमच्या कोडमधली चूक, हे तुमच्याकडेच. रिपोर्टच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की पुढच्या पेशंटचा रिपोर्ट उघडतो, अशी सॉफ्टवेअर आजही चालू आहेत. त्यात क्लाउडवाल्याचा काय दोष?

विमा_नवीपेठ
मूळ प्रश्नावर येतो. पीआय म्हणजे तुमच्या सेवेतल्या चुकीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं आणि त्यानं तुमच्याकडे भरपाई मागितली तर ती रक्कम आणि वकिलाचा खर्च. सायबरमध्ये तुमचा स्वतःचा खर्चही येतो, म्हणजे फॉरेन्सिक तपास, डेटा परत मिळवणं, धंदा बंद राहिल्याचं नुकसान (त्याला बहुतेक वेळा काही तासांचा वेटिंग पिरियड असतो), लोकांना कळवण्याचा खर्च. हॉस्पिटल मागतंय ती पीआय.

पण कोटेशन आलं की आधी एंडोर्समेंटची (पॉलिसीला जोडलेल्या बदलांची) पानं वाचा. हल्ली पीआयला सायबर किंवा डेटाचं एक्स्क्लुजन (वगळण्याचं कलम) जोडून देतात. ते राहिलं तर प्रमाणपत्र १ कोटीचं, पण ज्यासाठी घेतलं तेच बाहेर. काढून घ्या, नाहीतर पेशंटचा डेटा फुटल्यावर येणारा तृतीय पक्षाचा दावा धरला आहे असं लेखी घ्या. तोंडी 'धरलंय' चालत नाही.

दुसरं, या पॉलिसी क्लेम्स-मेड असतात. चूक कधी झाली यापेक्षा दावा पॉलिसीच्या काळात आला आणि कळवला गेला का, हे बघतात. चूक रेट्रोॲक्टिव्ह तारखेच्या (मागच्या कामाचं संरक्षण जिथून सुरू होतं त्या तारखेच्या) आधीची असेल तर पैसे नाहीत. पुढच्या वर्षी स्वस्त मिळाली म्हणून कंपनी बदललीत तर जुनी रेट्रो तारीख तशीच चालू ठेवून घ्या. नवीन तारीख पडली की मागच्या सगळ्या कामाचं संरक्षण गेलं.

तिसरं, वकिलाचा खर्च बहुधा त्याच १ कोटीतून वजा होतो. आणि १ कोटी वर्षाचा मिळून आहे की प्रत्येक दाव्याला, तेही शेड्यूलमध्ये बघा.

नव्यापेठेतला
पीआय घ्या. क्लेम्स-मेड असते, रेट्रो तारीख बघा. आमचीपण १ कोटीची आहे.

कायदा_आणि_कलम
सगळे पॉलिसी वाचतायत, करार कुणीच वाचत नाही. 'सर्व नुकसान विक्रेता भरून देईल' हे कलम पॉलिसीपेक्षा धोक्याचं आहे. कायद्यानं जेवढी जबाबदारी आली असती त्याहून जास्त तुम्ही करारानं अंगावर घेतली, तर वरचा भाग विमा कंपनी देत नाही. करारात आधीच ठरवलेली दंडाची रक्कमही त्यातच.

डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा २०२३ मध्ये हॉस्पिटल हे डेटा फिड्युशिअरी (डेटा कशासाठी वापरायचा ते ठरवणारं) आणि तुम्ही प्रोसेसर (त्यांच्या वतीनं डेटा हाताळणारे). सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, तो फिड्युशिअरीवर. हॉस्पिटल तो करारातून तुमच्याकडे ढकलू बघणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणून सगळी हॉस्पिटलं आत्ताच करार बदलायला लागली आहेत. कलम असं मागा: विक्रेत्याच्या निष्काळजीपणामुळे झालेलं आणि कायद्यानं देय ठरलेलं नुकसान, कमाल पॉलिसीच्या रकमेइतकं.

चादर_टॉवेल_निर्यात
दंड विम्यात बसतो की. आमच्या पॉलिसीत लिहिलंय.

कायदा_आणि_कलम
पुढचे शब्द वाचा दादा, 'जिथे कायद्याने विमा उतरवता येतो तिथे'. त्या भरवशावर राहू नका.

विमा_नवीपेठ
घटना घडली तर क्रम सांगून ठेवतो, कारण बहुतेक दावे इथे बिघडतात. मशीन नेटवर्कपासून तोडा, पण फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. त्यांच्या संमतीशिवाय तज्ज्ञ नेमू नका, खंडणी देऊ नका, हॉस्पिटलला 'आमची चूक झाली' असं लिहून देऊ नका. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. दावा नाकारला आणि तुमचा उद्योग सूक्ष्म गटात असेल तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, ५० लाखांपर्यंत.

माझा सल्ला, पीआय आणि सायबर एकत्र असलेली टेक पॉलिसी घ्या. बजेट थोडं वाढवा.

नेटवर्क_जुळेसोलापूर
एकत्रच घ्या. लॅब बंद पडली की तुमचा स्वतःचा खर्चच जास्त होतो.

नव्यापेठेतला
एकत्र घ्या.

सातरस्ता_सॉफ्ट
सगळ्यांचे आभार. एकत्र पॉलिसीचं कोटेशन बजेटच्या बरंच वर गेलं, म्हणून फक्त पीआय घेतोय. १ कोटी, हप्ता २१,००० आणि १८ टक्के जीएसटी ३,७८०, एकूण २४,७८०. एक्सेस (दाव्यात आपण स्वतः भरायची रक्कम) १ लाख, तेवढी एफडी बाजूला ठेवली आहे. सायबरचं एक्स्क्लुजन काढल्याचं एंडोर्समेंट मेलवर आलं. हॉस्पिटलनं कमाल १ कोटीची मर्यादा मान्य केली. ज्या लॅबचा डेटा त्यांच्याच मशीनवर आहे त्यांचे ३३८९ बंद करून व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) आणि एमएफए लावतोय. जी लॅब नको म्हणेल तिचं नाव फॉर्मवर अपवाद म्हणून लिहिणार. सायबर पुढच्या वर्षी.

चादर_टॉवेल_निर्यात
१ कोटीत काय होतंय? हॉस्पिटल मोठं आहे. परत विचार करा.

विमा_नवीपेठ
घेतलीच आहे तर एक राहिलं. हॉस्पिटलचे अकाउंटवाले 'आमचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून टाका' म्हणतील, म्हणजे तुमच्याच पॉलिसीत त्यांनाही विमाधारक करा. लगेच हो म्हणू नका. एकाच पॉलिसीतल्या एका विमाधारकानं दुसऱ्यावर केलेला दावा बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो, मग हॉस्पिटलचाच दावा बाहेर पडेल. नाव टाकावंच लागलं तर त्या अपवादातून हॉस्पिटलला वगळल्याची ओळ आधी घ्या, मग प्रमाणपत्र द्या.