मदत हवी आहे: डुकराच्या शिकारीची जुनी वाघर कशी जपावी?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, जावळीच्या बाजूला. जुन्या शाळेची एक खोली गावाच्या वस्तू मांडायला मिळाली आहे. मोट, पाभर, पायल्या, जाती असं बरंच जमलं. त्यात एका घराने माळ्यावर पडून असलेली वाघर दिली, म्हणजे रानडुकराच्या शिकारीचं जाळं.

वाघर वीसेक हात लांब आणि छातीएवढी उंच आहे. दोरी सगळी तागाची. त्या घरातल्या आजी सांगतात की ताग भिजवायचा, सोलायचा, धुवून वाळवायचा आणि पावसाळ्यात ओटीवर बसून मांडीवर दोरी वळायची. गाठी पाहत राहावं इतक्या एकसारख्या आहेत. फक्त एका कोपऱ्यात पीळ उलटा आणि दोरी जाड दिसते. तिथे बहुतेक डुकराने फाडलं असावं आणि डागडुजी दुसऱ्या हातची असावी. मला सगळ्या वाघरीत तोच कोपरा सर्वांत मोलाचा वाटतो.

ती लावायची पद्धतही आजींनी सांगितली. ओढ्याच्या तोंडाशी डुकराच्या वाटेवर दांडक्यांना नुसती टेकवायची, बांधायची नाही. वरून माणसं हाका करत, डबे बडवत यायची. डुक्कर धडकलं की दांडक्या पडायच्या, जाळं अंगावर यायचं आणि काठात ओवलेला दोर आवळला जायचा. मग दबा धरलेले भालेवाले पुढे व्हायचे.

आता अडचणी. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात राहून वाघर काळी पडली आहे. काही जण धुवायला सांगतात, काही जण जवसाचं तेल लावायला. मला दोन्हीची भीती वाटते. दुसरं, पाटीवर ‘शिवकालीन’ लिहावं असा आग्रह आहे. त्याला काहीच आधार नाही, मी ते लिहू देणार नाही. पण वय कसं ठरवायचं? तिसरं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत जाळी आणि फासेही येतात. आमच्या शेजारी कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्रदर्शनात ठेवण्याआधी वनखात्याला कळवावं ना? दोराच्या टोकाला शिंगाची एक अडकवणही आहे. ती सांबराची निघाली तर काय करायचं?

प्रतिसाद:
धुवू नका, तेल तर अजिबात नको. तेलाने धूळ चिकटते आणि पुढे तंतू कडक होऊन तुटतात. मऊ ब्रशने वरची सुटी धूळ तेवढी काढा, काजळी राहू द्या. भिंतीवर टांगू नका, स्वतःच्याच वजनाने गाठी ताणतील. जाड पाइपला धुतलेली कोरी मलमल गुंडाळून त्यावर सैलसर गुंडाळा. कीड दिसली तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका. अडकवणीची कापलेली बाजू भिंगाखाली बघा. सांबरशिंगाचा गाभा जाळीदार, सच्छिद्र दिसतो. म्हशीच्या शिंगाचा शेंडा भरीव असला तरी एकजीव, गुळगुळीत असतो. वनखात्याला लेखी कळवाच, फोटो जोडून.

धागाकर्ता:
मनापासून आभार. भिंगाखाली गाभा एकजीव दिसतोय, तरी फोटो अर्जासोबत देतो. तेलाचा विषय आजच्या बैठकीत बंद करतो. पाटीवर आजींच्या सासऱ्यांचं नाव आणि ‘घरच्यांच्या सांगण्यानुसार’ एवढंच लिहू. आता एकच राहिलं: गुंडाळून ठेवली तर लोकांना वाघर दिसणार कशी? तागाच्या नव्या दोरीची हातभर नक्कल विणून दांडक्यांवर उभी करावी म्हणतो. अशी गाठ विणता येणारं कुणी सातारा-पाटण भागात माहीत असेल तर कृपया इथे सांगा. आजींचे हात आता थरथरतात, पण गाठ बरोबर पडली की नाही हे त्या सांगू शकतील.