मदत हवी आहे: लघु-गुरू ओळखणारा प्रोग्राम 'तुझ्या'पाशी अडलाय

नमस्कार मंडळी. मी मराठी शिकवतो, पायथॉन कामापुरतं येतं. वृत्तं शिकवताना यंदा मुलांकडूनच लघु-गुरू (आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं) ओळखणारा प्रोग्राम लिहून घेतोय. गण (तीन-तीन अक्षरांचे गट) ओळखायचं 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण कवितेची ओळ समोर आली की बोंब.

पहिल्याच तासाला गंमत झाली. 'विद्यार्थी' या शब्दाची लांबी पायथॉनने १० सांगितली, मुलं म्हणतात ३! काना, वेलांटी, हलन्त (पाय मोडल्याची खूण) सगळं तो सुटं मोजतो. मग मुलांनी नियम केला: काना-वेलांटीसारख्या खुणा आणि हलन्त आधीच्या अक्षराला चिकटवा, हलन्तानंतरचं व्यंजनही त्यातच घाला. आले ३. जोडाक्षर फळ्यावर शिकवून इतकं कधी कळलं नव्हतं.

पुढे प्रोग्रामने 'वि' ऱ्हस्व म्हणून लघु धरला आणि य गण (लघु-गुरू-गुरू) ठोकून दिला. पुढच्या जोडाक्षराचा आघात (उच्चारातला जोर) येतो, म्हणजे 'वि' गुरू, म्हणजे म गण (तिन्ही गुरू), हे एका मुलीने पकडलं. तो नियम घातला आणि 'तुझ्या' आडवा आला. जोडाक्षर आहे, पण आघात नाही, म्हणून 'तु' लघुच. 'य'ची जोडाक्षरं वगळून पाहिली, तर 'द्या'मुळे 'विद्यार्थी' परत बिघडला.

आघात कानाला कळतो, तो कोडमध्ये कसा आणायचा? की अपवादांची यादीच द्यायची? (सहकारी म्हणतात, हा संगणकाचा तास झाला. मला तसं वाटत नाही, भांडण शेवटी व्याकरणावरच होतंय.)

जाता जाता: जीवशास्त्राच्या बाईंना असाच प्रोग्राम करून घ्यायला मी जनुकीय संकेत सुचवलाय. डीएनएच्या अक्षरांची ६४ त्रिकं, त्यांतली ३ थांबा सांगणारी, बाकीच्यांतून २० अमिनो आम्लं, पायथॉनच्या डिक्शनरीत (जोड्यांच्या यादीत) चपखल बसतं. इतिहासासाठी मात्र सनावळ्यांच्या प्रश्नमंजुषेपलीकडे काही सुचेना, आणि त्यात इतिहास कुठे आहे? कुणी काही करून पाहिलंय का?

प्रतिसाद १:
सर, यादी द्या, पण मुलांना करू द्या. एका रकान्यात 'पुण्य', 'कल्याण', 'विद्या', दुसऱ्यात 'तुझ्या', 'तिच्या', 'दुसऱ्या'. पहिले तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले), दुसरी सामान्यरूपं (प्रत्यय लागण्याआधी बदललेली रूपं), हे त्यांचं त्यांनाच दिसेल. यादीत नसलेला शब्द आला की प्रोग्रामने अंदाज करू नये, मोठ्याने म्हणून बघायला सांगावं आणि उत्तर यादीत टाकावं. इतिहासाचं मलाही हवंय.