तुर्किस्तान (कझाकस्तान): सासूबाईंना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, इस्तंबूलवाल्या तुर्कीबद्दल विचारत नाहीये. दक्षिण कझाकस्तानात तुर्किस्तान नावाचं गाव आहे, त्याबद्दल हा धागा.

मुलगी शिमकेंतला एमबीबीएस करतेय. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि सासूबाई तिला भेटायला निघालोय. शिमकेंतपासून तुर्किस्तान १६०-१७० किलोमीटरवर आहे. तिथं खोजा अहमद यासावी या सूफी संताची कबर आहे. ते बाराव्या शतकातले, ११६६ साली गेले असं मानतात. आज दिसते ती अवाढव्य इमारत तैमूरनं १३८९ च्या सुमारास बांधायला घेतली. १४०५ मध्ये तो गेला आणि काम अर्धवट राहिलं. इमारत २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मुलीचं म्हणणं, सकाळी निघू, बघू, संध्याकाळी परत येऊ.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, माळकरी. गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. व्हिडिओ कॉलवर नातीनं त्यांना सहज सांगून टाकलं की इकडचे लोक थेट यासावींकडं जात नाहीत, आधी त्यांचे गुरू अरिस्तान बाब यांच्या कबरीवर जाऊन येतात. झालं! तेव्हापासून एकच घोषा : आधी गुरूकडं. मी म्हटलं, आई, ती जागा वाटेवर नाही, वाकडं जावं लागेल. तर म्हणाल्या, "पंढरीत चोखोबाला हात जोडल्याशिवाय तू वर जातेस का?" यावर मी काय बोलणार.

तर प्रश्न असे :

१. दोन्ही ठिकाणं एका दिवसात म्हाताऱ्या माणसाला झेपतील का? की तुर्किस्तानात मुक्काम करावा?
२. आम्ही मुस्लिम नाही. आत जाऊ देतात ना? कुणाला खटकेल असं आमच्या हातून काही होऊ नये, एवढीच काळजी आहे.
३. सासूबाई अंडंही खात नाहीत. काय सोबत न्यावं?
४. दिल्लीहून अल्माटीमार्गे जावं की ताश्कंदमार्गे? नकाशात ताश्कंद शिमकेंतच्या अगदी जवळ दिसतंय.

मुलीला विचारून झालंय. तिचं उत्तर : "मम्मी, सगळं मिळतं गं." ती नूडल्सवर जगते, त्यामुळे तिचा सल्ला धरत नाही.

---

सातपुडा :

कामानिमित्त शिमकेंतला राहिलोय, म्हणून लिहितो. सासूबाईंचं बरोबर आहे. कझाक लोकांत म्हणच आहे : रात्र अरिस्तान बाबकडं काढ, मागणं खोजा अहमदकडं माग. यामागं एक आख्यायिका आहे. तैमूरनं यासावींच्या कबरीवर बांधकाम सुरू केलं, पण भिंती उभ्या राहीनात. रात्री एक बैल येऊन पाडून जायचा म्हणतात. मग तैमूरला स्वप्न पडलं, आधी गुरूच्या कबरीवर बांध. त्यानं ते केलं आणि मग इकडचं काम मार्गी लागलं. दुसरी गोष्ट त्याहून गोड आहे. पैगंबरांनी दिलेला खजूर अरिस्तान बाबांनी कित्येक शतकं सांभाळला आणि एका लहान मुलानं समोर येऊन तो मागितला, तोच हा अहमद. आजीबाईंना ही जरूर सांगा.

आता रस्ता. अरिस्तान बाब तुर्किस्तानच्या दक्षिणेला साधारण ६० किलोमीटरवर, ओत्रार या जुन्या, आता उद्ध्वस्त शहराच्या जवळ आहे. शिमकेंतहून निघून आधी तिकडं आणि मग वर तुर्किस्तानला असा फेरा करता येतो, उलट फिरावं लागत नाही. वाटेत ओत्रारचं उजाड टेकाड लागेल. १२१८ मध्ये इथल्या सुभेदारानं चंगीझखानाचा व्यापारी तांडा कापून काढला आणि पुढच्या वर्षी मंगोल फौजा येऊन थडकल्या. तैमूर मेला तोही ओत्रारलाच, चीनवर चालून जाताना. आज बघायला मातीच्या भिंती आणि वारा. तुम्हाला इतिहासाची फार आवड नसेल तर गाडीतूनच बघा, उन्हात आजींना चालवू नका.

अरिस्तान बाबची आजची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. बाहेर विहीर आहे, पाणी खारट. लोक श्रद्धेनं पितात, बाटल्या भरून नेतात. आजींना ओंजळभर डोळ्याला लावू द्या, पोटात नको. रात्री राहणाऱ्या यात्रेकरूंसाठी साधी सोय असते, पण गुडघ्यांचं दुखणं असताना मी तरी सुचवणार नाही. मुक्काम तुर्किस्तानातच करा.

आणि मुक्काम कराच. एका दिवसात होतं, नाही असं नाही, पण मग आजी यासावींकडं पोचतील तेव्हा दुपार असेल आणि त्या थकलेल्या असतील. रात्री झोप काढून सकाळी लवकर जा. पुढची मोठी कमान बघाल तर कोऱ्या विटांची, अर्धवट, जुन्या लाकडी तुळया बाहेर आलेल्या, त्यावर पक्षी बसलेले. तिथूनच परत फिरू नका. इमारतीला वळसा घालून मागं जा. खरी निळी-हिरवी टाइलची कारागिरी मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर आहे आणि कबरीवरचा पन्हाळीदार घुमटही मागूनच नीट दिसतो.

आत शिरल्यावर पहिल्याच दालनात तायकझान नावाची कढई आहे. १३९९ मध्ये ओतलेली, दोन टन वजन, तीन हजार लिटर पाणी मावतं. शुक्रवारच्या नमाजानंतर त्यातलं गोड पाणी लोकांना वाटायचे. १९३५ साली ती लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात नेली, ती १९८९ मध्ये परत आली. डोक्यावर जो घुमट आहे त्याचा व्यास १८ मीटरहून जास्त. मान वर करून बघताना आजींना मागून धरा, खरंच सांगतोय.

---

खमंग_भाजणी :

प्रश्न ३ माझा :) तिकडं मांसाशिवाय जेवण म्हणजे साइड डिश. पण उपाशी राहात नाही माणूस. तंदुरातली गोल जाड रोटी रोज ताजी मिळते, काकडी-टोमॅटो, दही, सुकामेवा, फळं, आणि चहा तर दिवसभर. बाउरसाक म्हणून तळलेले गोळे देतात, ते कधीकधी चरबीत तळतात, विचारूनच द्या. भोपळ्याच्या मंतीतही (वाफवलेले, सारण भरलेले मोमोसारखे) चरबी घालतात. उंटिणीचं दूध, घोडीचं दूध आग्रहानं पुढं करतील, ते आंबवलेलं असतं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

न्यायचं काय : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थोडे तांदूळ, छोटी विजेची किटली. मुलीच्या होस्टेलवर किंवा भाड्याच्या घरी स्वयंपाकघर असेल तर निघायच्या दिवशी डबा तिथूनच भरा. अरिस्तान बाबच्या बाजूला शाकाहारी म्हणून काहीच हाताशी लागणार नाही. प्रवासात एकादशी येत असेल तर साबुदाणा घरूनच.

---

पैलतीर :

मी सांगलीकडचा, स्वतः मुस्लिम आहे. वडिलांना घेऊन जाऊन आलो. ताई, दुसऱ्या प्रश्नाची काळजी सोडा. ती जागा जियारतीची, म्हणजे कबरीच्या दर्शनाची आहे आणि संग्रहालयही. सगळ्या धर्मांचे, काही न मानणारेही येतात. बायकांनी डोकं झाकायचं, म्हणजे तुमच्या सासूबाई आहेत तशाच नऊवारीचा पदर घेऊन आल्या तरी चालेल. तुम्ही मुली मात्र ओढणी न्या. आत फोटो काढू नका.

कबरीच्या खोलीत शिरत नाहीत, बाहेरून दर्शन घ्यायचं. कुणीतरी कुराण म्हणायला बसतं, लोक बाकांवर बसून ऐकतात. संपलं की सगळे दोन्ही तळवे वर करतात आणि चेहऱ्यावरून फिरवतात. तुम्ही नुसतं हात जोडून बसलात तरी कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही. बाहेर पडताना पाठ फिरवत नाहीत, दोन पावलं मागं सरून मग वळतात. फुलं, नारळ, अगरबत्ती काही नेऊ नका, तिथं ती रीत नाही.

एक गोष्ट वगळा : जवळच हिल्वेत म्हणून भूमिगत जागा आहे. पैगंबर ६३ व्या वर्षी गेले, म्हणून त्या वयानंतर आपण सूर्य बघू नये असं ठरवून यासावी जमिनीखाली जाऊन राहिले, असं सांगतात. पण पायऱ्या आहेत. सासूबाईंना वरच बसवा.

---

तिकीटखिडकी :

भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही (१८० दिवसांत मिळून ४२ दिवस). त्याहून जास्त राहणार असाल तरच व्हिसाचं बघा. पोचल्यावर तीन दिवसांत यजमानानं तुमची नोंद करायची असते. हॉटेलवाले करतात, मुलीच्या भाड्याच्या घरी उतरणार असाल तर घरमालकाला आठवण करा, हा मुद्दा लोक हमखास विसरतात.

ताश्कंद नकाशात जवळ आहे खरं, साधारण १२०-१३० किलोमीटर. पण उझबेकिस्तानचा ई-व्हिसा लागेल, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा ताश्कंद धरलंत तर दोनदा प्रवेशाचा घ्यावा लागेल. एकदाच प्रवेशाचा घेऊन परतीला सीमेवर अडकलेले लोक आहेत. शिवाय सीमा पायी ओलांडायची, रांग, सामान, ७४ वर्षांच्या बाई. माझं मत : दिल्ली-अल्माटी, आणि तिथून शिमकेंतला दुसरं विमान. पैसे थोडे जास्त जातील, पण गुडघे वाचतील. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

रुपये तिकडं कुणी बदलून देत नाही, डॉलर न्या. स्थानिक लोक सगळं कास्पी ॲपवरून देतात, ते मुलीकडं असेलच. तरी थोडे तेंगे (तिथलं चलन) रोख ठेवा. घड्याळ अर्धा तास मागं.

---

पाणचक्की :

थोडं अवांतर. मी संभाजीनगरचा. आमच्या पाणचक्कीला ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे, सूफींच्या नक्शबंदी परंपरेतले. त्या परंपरेचे आद्य अब्दुल खालिक गिज्दुवानी आणि हे यासावी, दोघेही यूसुफ हमदानींचे शिष्य मानले जातात. म्हणजे ताई, तुमच्या वाटेतला एक धागा मराठवाड्यातच आहे. जाण्याआधी सासूबाईंना पाणचक्कीला आणा, चहा माझ्याकडे.

---

सातपुडा :

@पाणचक्की, उत्तम माहिती.

एक राहिलं. कुणीतरी तुम्हाला उकाश अता विहिरीला न्यायला बघेल, तुर्किस्तानपासून थोडी लांब आहे. विहिरीत बादली सोडायची, सगळ्यांच्याच बादलीत पाणी येत नाही, ज्याला आलं तो नशीबवान. थोडं चढून जावं लागतं. गंमत म्हणून छान आहे, पण आजींची बादली रिकामी आली तर त्या मनाला लावून घेणाऱ्यांतल्या आहेत का ते तुम्हीच ठरवा.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं : अल्माटीमार्गे जाणार, शिमकेंतहून गाडी करून आधी अरिस्तान बाब, संध्याकाळी तुर्किस्तानात मुक्काम, सकाळी यासावी. सासूबाईंना वाचून दाखवलं. "बैल पाडून जायचा" हे त्यांना फार आवडलं, शेजारणीला सांगून आल्या. उकाश अताच्या विहिरीचं मुद्दाम सांगितलेलं नाही.

@पाणचक्की, चहाला नक्की येतो.

आता एकच विचारायचंय. गाडीवाला मोकळा आहे तो गुरुवारी, म्हणजे यासावींकडं शुक्रवारी सकाळी पोचू. गर्दी फार असते का?

---

पैलतीर :

शुक्रवारी असतेच, पण दुपारच्या नमाजाच्या आसपास. तुम्ही उघडल्या उघडल्या आत शिरलात तर दहा-साडेदहापर्यंत निवांत होईल. दुसरा वार मिळाला तर घ्या, नाहीतर शुक्रवारही चालेल. फक्त एक मेपर्यंत लांबवू नका, तेव्हा त्यांच्या सुट्ट्या लागतात आणि अख्खं कझाकस्तान तिथं येतं. बाहेरच्या बागेत अंतर बरंच आहे, बॅटरीवरच्या गाड्या फिरतात, तिला हात करा. आणि उन्हासाठी छत्री घ्या, सावली कमी आहे.