मदत हवी आहे : चार मितींचा घन माउसने कसा फिरवावा?

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या कॉलनीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी थ्री-जेएस या, ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये टेसरॅक्ट, म्हणजे चार मितींचा घन, फिरवून दाखवायचा आहे. 16 शिरोबिंदू, 32 कडा, 8 घन. चित्र नीट उमटतं. चौथ्या निर्देशांकाप्रमाणे बिंदू जवळ-लांब धरले की घनाच्या आत घन दिसतो आणि फिरवताना आतला बाहेर येतो. मुलं अक्षरशः खिळून बघतात!

अडचण हाताळण्याची आहे. चार मितींत फिरणं अक्षाभोवती नसून प्रतलात असतं, आणि अशी मूळ प्रतलं 6. माउसला दिशा दोनच. सहा स्लायडर दिले तर लक्ष आकड्यांकडे जातं, आकृती राहते बाजूला. सध्या साध्या ड्रॅगने नेहमीचं फिरणं आणि शिफ्ट दाबून एक्स-डब्ल्यू, वाय-डब्ल्यू या प्रतलांतलं फिरणं ठेवलंय (डब्ल्यू म्हणजे चौथा निर्देशांक). झेड-डब्ल्यू माउसच्या चाकाला द्यावं का? आणि मोबाइलवर, जिथे शिफ्टच नाही, तिथे काय करावं?

शिवाय फिरणं साठवणारं 4×4 मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) सतत गुणत गेल्यावर दशांशातल्या बारीक चुका साचून आकृती किंचित तिरकी होते. अधूनमधून ग्राम-श्मिट करणं (मॅट्रिक्सचे स्तंभ पुन्हा एकमेकांना लंब आणि एकक लांबीचे करणं) पुरे, की दोन क्वाटर्नियनची (फिरणं दाखवणाऱ्या, चार घटकांच्या संख्यांची) जोडी वापरणं बरं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. कोड पाठवायला तयार आहे.