‘थायरॉइड आहे म्हणून वजन उतरत नाही’: हे कारण नेमकं किती किलोंचं?

वजनकाटा
हे वाक्य हळदीकुंकवापासून ऑफिसच्या डब्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, म्हणून हा धागा. माझं मत असं की हायपोथायरॉइडमुळे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे, वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते साडेचार किलोच असतं. त्यातही मोठा वाटा चरबीचा नसतो, अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. थायरॉइडची गोळी लागू पडली आणि टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला येणारा हुकूम, थायरॉइड मंदावलं की हा आकडा वाढतो) जागेवर आलं की तेवढं उतरतं. त्यापुढचे दहा-पंधरा किलो थायरॉइडच्या नावावर लिहिले की माणूस उपाय भलतीकडे शोधत बसतो. टीएसएच साडेपाच आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल असेल, तर गोळीने वजन उतरेल ही आशा धरूच नये.

बाकीचं वजन कुठून येतं ते तेलाच्या डब्यात बघा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी. कूट, खोबरं, तूप यात धरलेलं नाही. तोच डबा साडेतीन लिटरवर आला की माणशी रोज शंभरेक कॅलरी वाचतात, आणि ताटातला एकही पदार्थ बंद करावा लागत नाही.

सईबाई
हिशोब मान्य, निष्कर्ष मान्य नाही. थायरॉइड आणि पीसीओएस (पाळी बिघडवणारा, अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा विकार) कितीतरी जणींना एकत्र असतात, आणि पीसीओएसमधला इन्सुलिनचा गोंधळ तुमच्या तेलाच्या हिशोबात कुठेच नाही. मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसला की घरात तो मळ समजून डाळीचं पीठ लावून घासतात. तो मळ नसतो, बहुतेक वेळा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. उपाशीपोटी साखर नव्वदीत येते म्हणून सगळे निर्धास्त होतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासलं की खरी अवस्था कळते. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर ती तपासणी टाळू नये.

आणि ‘कमी खा’ म्हणजे नेमकं काय? अशा बाईला दर सोमवारी, चतुर्थीला उपास असतो. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम कूट, दोन चमचे तूप: खिचडीची एक बशी चारशे कॅलरींच्या वर जाते. त्यात बहुतेक पिष्टच. दोन तासांत पुन्हा भूक लागते. मग चहा, मग उपासाचा चिवडा. यात तिचं मन कुठे कमकुवत आहे? तिचं ताटच चुकीचं वाढलंय.

औषधाची चिठ्ठी
दोघांचं भांडण पुढे नेण्याआधी थायरॉइडची गोळी खरंच अंगी लागतेय का ते बघा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. दुधाचा चहा ‘फक्त घोटभर’ घेतला तरी तो मोडताच. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. सगळ्यांत जास्त चूक इथेच होते, कारण तीन गोळ्या एकाच डबीत असतात आणि एकाच घोटाबरोबर जातात. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घेता येते, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर नको. वाफ आणि उष्णता दोन्ही या गोळीला मारक.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच करणं म्हणजे पैसे पाण्यात. हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. सहा ते आठ आठवडे थांबा.

वजनकाटा
गोळीचं सगळं मान्य. पण सईबाई, इन्सुलिनमुळे भूक वाढते आणि चरबी पोटावर जमते, तरी हिशोबाचं गणित रद्द होत नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेला नाही. पोळी सोडून भाकरी धरली म्हणून कुणी बारीक होत नाही. भाकरी थापताना पीठ जास्त जातं, आणि वर लोण्याचा गोळा असेल तर बघायलाच नको.

सईबाई
गणित रद्द होत नाही, पण ते पाळणं किती अवघड ते बदलतं. त्याच सूचनांचा दुसरा अर्थ असा की जो आहार बाईला वर्षभर झेपेल तोच तिचा. आणि लक्ष्यही माणसासारखं ठेवा. ७८ किलोच्या बाईचे चार किलो कमी झाले तरी अनेकदा पाळी रुळावर यायला लागते. तिला ‘अजून वीस बाकी’ म्हणून घाबरवू नका.

मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) दिली असेल तर ५०० मिलिग्रॅमने, जेवणासोबत सुरुवात करून हळूहळू वाढवतात. एकदम वाढवली की जुलाब लागतात आणि बाई औषधच सोडून देते. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासत राहावं.

डंबेल
दोघेही स्नायू विसरलात. नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग आधीचंच जेवण अंगाला जास्त होऊ लागतं. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५४ ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच असतात. दोन अंडी १२, ५० ग्रॅम पनीर ९, वाटीभर दही ५, ४० ग्रॅम कोरडी मटकी मोड आणून उसळीला ९. झाले ३५, बाकीचं पोळी-भाकरी, वरण यांतून येतं. सोयाबीनच्या वड्या चालतात, फक्त सकाळच्या गोळीच्या जवळपास नकोत, दुपारी खा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहाचे तीन फेरे. जमायला लागलं की पाच लिटरचा पाण्याचा कॅन छातीशी धरून तेच. थायरॉइड आटोक्यात नसताना जोर लावू नका. त्या काळात स्नायू दुखतात, पेटके येतात, आणि लोक ‘व्यायाम मला सोसत नाही’ म्हणून कायमचा सोडतात.

कोकणकडा
वेगळं मत मांडतो. टीएसएच ४.२ आलं की ‘नॉर्मल आहे’ म्हणून पेशंटला घरी पाठवतात. गोळी थोडी वाढवून ते एकच्या आसपास आणलं तर उत्साह वाढेल, वजनही हलेल. त्यावर कुणी बोलतच नाही.

औषधाची चिठ्ठी
कोकणकडा, कुठला डोस चालू आहे हे पेशंटला न सांगता अशी चाचणी झालेली आहे. टीएसएच रेंजच्या आतच वरखाली केल्याने वजनात फरक पडला नाही. आणि रेंजच्या खाली ढकललं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो, पाळी गेलेल्या बायकांना तर जास्तच. थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि झोप बघा. घोरणं असेल तर तेही सांगा.

आणखी एक. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन हे ब-जीवनसत्त्व असतं. अनेक लॅबच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. मग डॉक्टर असलेला डोसही कमी करतात आणि वजन पुन्हा चढतं. तपासणीआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा, आणि रक्त देताना तिथे तसं सांगा.