‘द बिग ओ’ नव्या मंडळींना कशी दाखवावी?

कृष्णाकाठ
विश्रामबागला सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस मुलांना ‘द बिग ओ’ ही महाकाय यंत्रमानवाची जपानी ॲनिमे मालिका दाखवायचा बेत आहे. गंडम, इव्हँजेलियन बहुतेकांनी पाहिलंय, हे कुणीच नाही. २६ भाग जास्त होतील असं वाटतं. पहिले १३ दाखवून थांबलं तर चालेल का? शेवट डोक्यावरून जातो अशी तक्रार बरीच ऐकली आहे. शिवाय प्रोजेक्टरवर सगळं काळंकुट्ट दिसतंय.

पॅराडाइमचा_पाहुणा
१३ वर थांबू नका. मालिका मुळात २६ भागांचीच ठरली होती. १९९९-२००० मध्ये जपानात प्रेक्षक कमी मिळाले म्हणून ती निम्म्यावर तोडली. पुढे अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर चांगली चालली, त्यांनी पैसे घातले आणि २००३ मध्ये उरलेले १३ भाग आले. त्यामुळे १३वा भाग ऐन संकटात तुटतो आणि १४वा तिथूनच सुरू होतो. हे दोन्ही एकाच बैठकीत दाखवा.

सुरुवातीची नि शेवटची गाणी वगळली तर एक भाग साधारण २१ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून नऊ तास. तीन रविवार पुरतात. वेळ कमीच असेल तर १, २, ४, ६, ११, १२, १३ आणि मग १४ ते २६ पूर्ण. दुसऱ्या निम्म्यातलं काही गाळू नका, एक धागा सुटला की पुढचे चार भाग कळत नाहीत. सहावा मात्र कुठल्याही परिस्थितीत ठेवा. पियानो वाजवणारा यंत्रमानव आणि नायकाच्या घरातली यंत्रकन्या डोरोथी यांचा तो भाग पाहिल्याशिवाय डोरोथीच्या कोरड्या बोलण्यामागची माया उमगत नाही.

चित्राचं: ब्राइटनेस वाढवलात तर काळा रंग राखाडी होतो आणि मालिकेचा डिझायनर सातो याची सगळी छायाप्रकाशाची मेहनत वाया जाते. ब्राइटनेस आहे तिथे ठेवून गॅमा (मधल्या छटांचा उजेड) थोडा उचला, ट्यूबलाइट पूर्ण बंद, खिडक्यांना जाड चादरी. चित्र ४:३ आहे, रुंद ताणू नका. आधीच चौकोनी असलेला बिग ओ बसका दिसतो.

कुपवाड_लेथ
यंत्राबद्दल थोडं, कारण या मालिकेची खरी ताकद तिथे आहे. बिग ओ उडत नाही, तलवारी फिरवत नाही. जमिनीखालच्या रेल्वेने येतो, रस्ता फोडून वर निघतो आणि ठोसा मारतो. त्या ठोशात बाहूमागचा भला मोठा पिस्टन आधी मागे ओढला जातो, मूठ समोरच्याला भिडते आणि मगच पिस्टन सुटतो. म्हणजे जोर हात फिरवण्यातून येत नाही, भिडल्यानंतर येतो. फोर्जिंगचा हॅमर जवळून पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मधला तो एक क्षणाचा थांबा आहे ना, त्यानेच वजन जाणवतं. आजच्या संगणकावर केलेल्या मारामाऱ्यांत नेमकं तेच हरवतं.

दोषही सांगतो. पहिल्या निम्म्यात बऱ्याच भागांत शेवटच्या पाच मिनिटांत कुठून तरी राक्षस उगवतो, कथेला गरज असो वा नसो. लष्करी पोलिसांचा प्रमुख डॅस्टन याचे रणगाडे दर वेळी निकामी ठरतात आणि तिसऱ्या खेपेला त्यातला ताण संपतो. बिग ओ चालवणारा नायक रॉजर वाटाघाटी करणारा म्हणवतो, पण त्याची वाटाघाट सफल झालेली फार कमी वेळा दिसते. दुसऱ्या निम्म्यात शहराबाहेरच्या युनियन या संघटनेचं आक्रमण इतकं वाढवून आणलं आणि पुरेसं न उलगडताच सोडून दिलं.

नाट्यपंढरीकर
(पुढे शेवट उघड केला आहे.)
शेवट कळत नाही, कारण बघणारे पॅराडाइम शहरातल्या सगळ्यांची चाळीस वर्षांपूर्वी स्मृती का गेली याचं यांत्रिक उत्तर शोधत बसतात. मुलांना आधीच सांगा, हे नाटक आहे. खुणा पहिल्या भागापासून आहेत. रॉजर घड्याळात ‘शोटाइम’ म्हणतो, यंत्र चालू करताना ‘ॲक्शन’. पुढे शहरावरच्या घुमटाच्या आभाळात रंगमंचाचे दिवे दिसतात. शेवटच्या भागाचं नावच ‘द शो मस्ट गो ऑन’.

१८४३ मध्ये आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार गाई आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचत. कथा सूत्रधाराच्या हाती, शब्द नटाचे. पॅराडाइममधल्या माणसांचं अगदी हेच झालंय. रॉजरला वारंवार भेटणारी गूढ बाई एंजेल हीच सूत्रधार, आणि ते तिला स्वतःलाच ठाऊक नाही. शेवटी ती रंगमंच पुसायला निघते आणि रॉजर तिच्याशी बोलतो. त्याची सगळ्यात महत्त्वाची वाटाघाट सूत्रधाराशी आहे. मग पहिल्या भागाची सुरुवात पुन्हा येते, फक्त रस्त्याच्या कडेला डोरोथी आणि एंजेल दोघी उभ्या असतात.

एंजेलची ही जागा आधीच्या भागांत नीट पेरली नाही, हा लेखनाचा दोष मी मान्य करतो. लेखक कोनाकाने टोमॅटोच्या रूपकावर जितका वेळ घालवला, तितका तिच्यावर द्यायला हवा होता.

कृष्णाकाठ
मग नाटकाचं सुरुवातीलाच सांगू की २६व्या भागाआधी?

नाट्यपंढरीकर
१४व्या आधी. पहिले १३ त्यांना रहस्यकथा म्हणूनच बघू द्या. २६वा संपला की दिवे लगेच लावू नका, पहिल्या भागाची पहिली दोन मिनिटं पुन्हा चालवा.