मदत हवी आहे: लेकीला ज्युनियर रेंजर व्हायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात शेफील्डला असतो. लेक १३ वर्षांची आहे आणि तिला जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमधल्या ज्युनियर रेंजर गटात (पार्कची देखभाल करणाऱ्या रेंजरांबरोबर काम शिकणाऱ्या मुलांच्या गटात) जायचंय. कुणाची मुलं तिथे किंवा दुसऱ्या नॅशनल पार्कात अशा गटात जातात का?

गेल्या महिन्यात फिरताना तिने एकाला दगडी कुंपण रचताना पाहिलं. सिमेंट नाही, चिखल नाही; दोन्ही बाजूंना मोठे दगड आणि पोटात बारीक चीप. मी म्हटलं, अगं, हा तर आपल्या देवगडचा गडगा! माझे आजोबा दर पावसाळ्याआधी ढासळलेला गडगा असाच सारखा करायचे. तेव्हापासून तिला हेच शिकायचंय. पीक डिस्ट्रिक्टमधल्याच किंडर स्काउटच्या उजाड पठारावर शेवाळ लावतात, तेही तिला करून बघायचंय.

मला विचारायचंय ते असं: नकाशा-होकायंत्र पहिल्यापासून शिकवतात का? जॉन म्यूर अवॉर्ड (निसर्ग जाणून घेऊन तो जपण्याच्या कामासाठीचं प्रमाणपत्र) याच कामातून होतं का? थंडीपावसात बूट कुठले टिकतात? आणि गोचिडीची मला खरंच भीती वाटते, तुम्ही काय काळजी घेता?

गटात आपल्यातलं कुणी नसलं तर ती एकटी पडेल का, हेही मनात येतं. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.